ओटीचे पाच पेरू

३ ऑगस्ट १९३८
आज धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. हेडमास्तरीणबाई प्रथमच घरी आल्या होत्या. बागेतला पेरू स्वतः चिरून, मीठ-तिखट लावून, चांगल्या बशीत पुढे केला. फोड हलली. आत अळ्या. त्यांनी बशी हलकेच माझ्याकडे सरकवली. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.
झाडं मामंजींनी लावलेली. ते असताना असं कधी झालं नाही. ते पेरू चिरून, निरखून, मगच मला फोड देत. म्हणजे कीड तेव्हाही असेल.

४ ऑगस्ट
शेतकी खात्याचं पत्रक वाचलं. फळमाशी सालीला टोचून आत अंडी घालते. अळी गर खाते, मातीत उतरते, माशी होऊन पुन्हा वर येते. उपाय दोन : सगळी फळं उतरवून खोल पुरा, नाहीतर कोवळी असतानाच त्यांना पिशव्या बांधा. शिवाय पडलेली फळं रोज वेचा. विषाची फवारणी मला नको. पाखरं येतात, मधमाश्या येतात.
निश्चय : उद्यापासून वेचणं सुरू.

५ ऑगस्ट
पाऊस. वेचणं उद्या.
शेजारच्या वावरात धनुबाईचीही पेरूची झाडं आहेत. माशी तिच्याकडूनच येत असणार, वारा तिकडचाच आहे. तिला जाऊन सांगितलं, सगळे उतरवून पुरून टाका. तिची लेक गजरा पहिलटकरीण, माहेरी आली आहे. तिला पेरूचेच डोहाळे. इकडे पेरूला जाम म्हणतात. धनुबाई म्हणाली, "ओटीपुरता पाच जाम ठेवू ना, बाई?" मी म्हटलं, एकही नको. ओटीचे पाच माझ्याकडून, बिनकिडीचे. शब्द दिला. म्हणाली, "तुम्ही शिकेल शेतस. तुम्ही सांगशात तसं करसू."
मी माझे उतरवणार नाही. मी पिशव्या बांधणार. ही मेथड जास्त सायंटिफिक आहे.

८ ऑगस्ट
ह्यांची दोन मऊ धोतरं कापली. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. पिशव्यांच्या काठाला हेमस्टिच घातली. कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथा म्हणत, उलटी बाजू सुलटीसारखी दिसली पाहिजे. त्यांचे थंड, कोरडे हात आठवले. डोळे भरून आले आणि टाके चुकले, ते उसवले. दिवसभरात दोन पिशव्या. घाई करून भागत नाही.

९ ऑगस्ट
धनुबाईने पेरू उतरवले. गाडीभर. खड्ड्यात ओतताना गजरा काठाशी उभी होती. एक उचलायला वाकली, तर आईने हात धरला. "बाईना शब्द शे, बेटा."
घरी आले. सुई-दोरा घेऊन बसले.

१३ ऑगस्ट
पिशव्या अकरा. प्रत्येकीवर एक फूल भरलं, अगदी लहानसं. आमचा गडी दोधू विचारतो, "बाई, जामनं लगीन शे का?" मी पुढचं फूल भरायला घेतलं.
वेचणं राहिलं. कंबर धरली आहे.

१७ ऑगस्ट
विहिरीजवळच्या झाडाला पिशव्या बांधल्या. किती देखणं दिसतं! फळांवर टाचणीने टोचल्यासारखे ठिपके होते. पावसाचे असतील.

२४ ऑगस्ट, सकाळ
उद्या ओटी. पहिली पिशवी सोडली. पेरू मऊ लागला. चिरला. दुसरा चिरला. सगळ्या पिशव्या सोडल्या. मग बाकीची झाडं. माझ्या बागेत पाच चांगले पेरू नाहीत. एक नाही.
धनुबाईच्या झाडांवर गेले पंधरा दिवस फळच नाही, तिकडून माशी येईल कशी? झाडांखाली माझेच पेरू सडताहेत. मीच पोसली. आणि ते ठिपके पावसाचे नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं.
निश्चय : आत्ताच जाऊन धनुबाईला खरं सांगायचं.

दुपार
दोधूला शहाद्याच्या बाजारात पाठवलं. म्हणतो, "घरमा बाग शे नि बाजारना जाम?" म्हटलं, तू जा.

२५ ऑगस्ट
ओटी झाली. बाजारचे पाच पेरू माझ्या पिशव्यांतून नेले. गजराच्या पदरात घातले. तिने तिथेच एक फोडला. मी डोळे मिटून घेतले. काही निघालं नाही. कोणाच्या बागेतले, देव जाणे.
बायका हेमस्टिच हाताळून बघत होत्या. धनुबाई सगळ्यांना सांगत होती, "इख नही, दवा नही, निस्त्या पिशव्या! बाईनी माशी हाकली दिधी!" तिने माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घेतले, तो तिला विनय वाटला.
तुळशीबाई पुढे आली. तिची बाग नदीकाठी, आम्हा दोघींच्या मिळून होणार नाही एवढी. शिवायला हाताशी कोणी नाही, मी काय करू, म्हणाली. खरं सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. गजरा दुसरा पेरू खात होती, हनुवटीवरून रस ओघळत होता.
म्हटलं, सगळे उतरवून पुरून टाका. तिच्या फळांत कीड आहे का, हेही विचारलं नाही.
"सकाळेच लागस," म्हणाली. उद्याच उतरवायला लागणार.
पहाटे उठून तिला थांबवायचं आहे. पाऊस नसला तर.