‘वं’ नसलेला आवाज

बाबा, तुम्ही पुन्हा बोलायला लागलात असं आई म्हणते. एकवीस वर्षं गप्प होतात, आणि या मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, तुम्हाला बोलावंसं वाटलं. धरमपेठेत एक निवृत्त गृहस्थ आहेत. सभ्य, हळू बोलणारे, चहाशिवाय कुणाच्या घरचं काही न घेणारे. गेलेल्या माणसाच्या खोलीत ते आवाज टिपणारं छोटं यंत्र ठेवतात, घरच्यांना दहा मिनिटं बाहेर बसवतात, आणि मग ती रिकामी दहा मिनिटं कॉम्प्युटरवर घासूनपुसून त्यातून मेलेल्यांचं बोलणं काढतात. आईच्या भजनी मंडळातल्या एका बाईनं त्यांना आपल्या सक्करदऱ्याच्या घरी आणलं. चार दिवसांनी ते तुमचा आवाज फोनमध्ये घेऊन आले. आधी खरखर, मग एक घोगरा चढउतार, आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर मोठी अक्षरं उमटतात: ‘पाणी दे’.

दुसरं काहीही बोलला असतात तर चाललं असतं. तुमच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी दिवसाला पाच पेले पाणी ठरवून दिलं होतं, आणि ते पाच पेले राखायचं काम आईच्या गळ्यात पडलं. तुम्ही मागायचात, ती नाही म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. शेवटच्या दिवशीही ती नाहीच म्हणाली. ते एक ‘नाही’ तिनं इतकी वर्षं कुणाला न दाखवता सांभाळलं, आणि आता एका परक्या माणसानं त्याला तुमचा आवाज चिकटवून दिला. त्या दिवसापासून ती सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाण्याला तोंड लावत नाही. वय चौऱ्याहत्तर आणि नागपूरचा मे. गेल्या आठवड्यात ओट्यापाशी चक्कर येऊन पडली, सलाइन लावावं लागलं. हातात सुई, तरी मलाच विचारते, “ते तिकडं तहानेनं तडफडून राह्यले, अन् मी इकडं घटाघटा पिऊ काय वं?”

मला राग आला. अजून आहे. त्या गृहस्थांचा, आईचा, आणि खरं सांगायचं तर तुमचाही, कारण हे तुमच्या घरात व्हायला नको होतं. दुकानात कुणी टेपरेकॉर्डर काउंटरवर ठेवून “भाऊ, याचा स्पीकर गेला” म्हणालं की तुमचं डोकं फिरायचं. “तू काहून सांगून राह्यला गा? मले पहिले आयकू दे.” गिऱ्हाइकं म्हणायची, बिघाड सांगू न देणारा मिस्त्री पहिल्यांदाच पाहिला. मी अकरा-बारा वर्षांची असेन. एक रेडिओ तुमच्यापुढे ठेवला आणि शहाणपणानं म्हणाले, बाबा, यात गुणगुण येते. तुम्ही मला चार गिऱ्हाइकांसमोर दुकानाबाहेर उभं केलंत. “सांगतलं का कान आळशी होते. मंग त्याले तेच आयकू येते.” मी उन्हात उभी राहून रडत होते आणि आत तुम्ही डोळे मिटून रेडिओ ऐकत होतात. त्याच वाक्यावर पुढे मी पोट भरते आहे. दवाखान्यात कान तपासते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, आवाज आला की बटण दाबायला सांगायचं. अधूनमधून मी आवाज सोडतच नाही, तरीही बटण दाबलं जातं. ती माणसं खोटारडी नसतात, वाट पाहत असतात.

म्हणून मी त्या गृहस्थांना म्हटलं, अक्षरं झाका आणि ऐकवा. ते समजुतीनं हसले. “ताई, आधी सांगितलं नाही तर इतका सूक्ष्म आवाज पकडता येत नाही.” बाबा, तुम्ही असतात तर त्या माणसाला दुकानाची पायरी चढू दिली नसतीत! ते लबाड आहेत असं मला वाटत नाही. त्यांचा भाऊ अचानक गेला, तेव्हापासून ते रिकाम्या खोल्या ऐकत फिरतात. लबाड असते तर भांडायला सोपं गेलं असतं.

मी ते रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि तुमच्या पद्धतीनं कामाला लागले. कुणालाही काही सांगायचं नाही. कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्यानं हेडफोन कानाला लावायच्या आधीच विचारलं, “ताई, काय आयकू याले पाह्यजे?” नाही सांगणार म्हटलं. तीनदा ऐकून म्हणाला, “कोनाची तरी मोटर हाय. बुश गेला तिचा.” शेजारच्या काकूंना ‘राणी ये’ ऐकू आलं आणि त्या चक्क लाजल्या. दवाखान्यातल्या माझ्या सोबतिणीला काहीच ऐकू आलं नाही. मग मी आईला बसवलं. पाच तुकडे केले होते, दोन त्या गृहस्थांचे, तीन माझे. पडद्यावर रुमाल टाकला. पहिल्या तीन तुकड्यांना ती ‘नाही’ म्हणून मान हलवत राहिली. चौथ्याला तिनं माझं मनगट धरलं. “हेच! हेच त्यायचा आवाज. पाणी म्हणून राह्यले ना!” डोळ्यांतून धारा. चौथा तुकडा आपल्या कूलरचा होता, बाबा. आदल्या दिवशी ती भजनाला गेलेली असताना मी तो रिकाम्या खोलीत टिपला होता. मी तिला ते सांगितलं, आणि सांगताना मला जिंकल्याचा आनंद झाला. तो लपवत नाही.

आईनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, त्या मानसानं आणलेला पुन्हा लाव, अक्षरं नको दाखवू. डोळे मिटून ऐकलं, अगदी तुमच्यासारखं. “याच्यात ‘वं’ नाही,” ती म्हणाली. “रागात असो का लाडात, ‘वं’ लावल्याबिगर त्यायनं मले कधी काही मांगतलं नाही. ‘पाणी दे वं’ म्हणत. हा कोनी दुसराच हाय.” मी लगेच त्या गृहस्थांना फोन करून हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “तिकडे गेल्यावर भाषा शुद्ध होते, ताई.” म्हणजे मेल्यावर तुम्हाला पुणेरी करून टाकलं! मी फोनवरच हसत सुटले. आईही हसली. मला वाटलं, सुटलो. मी पेला भरून तिच्यापुढे धरला.

तिनं तो हातानं बाजूला सारला. “आवाज त्यायचा नसन,” म्हणाली. “तहान तं त्यायचीच होती ना?”

यावर माझ्याकडे चाचणी नाही. उत्तर मात्र आहे. तुम्ही तहानलेले गेला नाहीत. शेवटच्या दिवशी दुपारी आई औषधं आणायला गेली होती आणि तुम्ही मला म्हणालात, “पोरी, एक डाव पोटभर दे वं.” मी माठातून तांब्या भरून दिला. तुम्ही तो खाली न ठेवता रिकामा केलात, बनियनला तोंड पुसलंत आणि हसलात. संध्याकाळी धाप लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. त्या तांब्यानं गेलात की जाणारच होतात, हे मी कुणालाच विचारलं नाही. दवाखान्यात किडनीचे डॉक्टर माझ्या खोलीपासून दोन दारं सोडून बसतात, तरी नाही. आईला सोडवायला एक वाक्य पुरलं असतं. ते टाळायला मी तुकडे कापले, अक्षरं झाकली, गल्लीभर हेडफोन घेऊन फिरले.

आता दुपारचे साडेतीन वाजलेत. आई पलीकडच्या खोलीत पडली आहे, ओठ सुकलेत, पेला तसाच भरलेला आहे. मेलेली माणसं बोलत नाहीत आणि ऐकतही नाहीत, यावर मी आजही ठाम आहे. म्हणूनच तर, जे तिला सांगायचं ते मी तुम्हाला लिहीत बसले आहे.