बाबांच्या पलंगाची घंटा

प्रिय छोट्या,

बाळ रांगायला लागलं म्हणे. फोटो पाहिला, कपाळ अगदी बाबांचं घेतलंय. सुट्टीवर जाताना तू "ताई, माझं काम तेवढं बघ" म्हणालास, म्हणून बाबा राहायचे त्या वृद्धाश्रमाच्या प्रोग्रॅममध्ये डोकं घातलं.

बाबा पलंगावरून उठू लागले की नर्सच्या टेबलावर घंटा वाजावी, ही तुझीच कल्पना. बाबा येईल त्याला सांगायचे, "माझ्या पोरानं केलंय." एकदा वाजली की घंटेनं स्वतःच स्वतःला काढून टाकायचं होतं. पण तू तिथे घंटा वाजवायच्या सूचनांचं फंक्शन निनावीच लिहिलंस आणि काढायच्या ओळीत तेच पुन्हा उतरवलंस. दिसायला हुबेहूब, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दुसरंच. मग पहिलं निघणार कसं? आणि तो चूक झाल्याचंही सांगत नाही. फंक्शन आधी व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, म्हणजे त्याला नाव मिळतं, आणि आतून त्या व्हेरिएबलच्या मार्फतच काढायचं, हे मीच तुला शिकवलं होतं. तेव्हा तुझं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

बाबा आडवे झाले की नवी घंटा लागायची, जुन्या तशाच. शेवटी ते जरा उठून बसले तरी सगळ्या मिळून कोकलायच्या. नर्सनं तुला पुन्हापुन्हा फोन केले. तू म्हणालास, "तुम्हाला वापरता येत नाही." बाकीची म्हातारी माणसं दचकून रडायला लागली, तेव्हा तिनं आवाज बंद केला. त्याच दुपारी बाबा पडले. नंतर सगळ्यांदेखत तू तिच्यावर ओरडलास, "माझ्या बापाला मारलंस तू!" ती मान खाली घालून उभी होती आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. तिची नोकरी गेली.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाचीही होते. पण प्रोग्रॅमच्या नोंदीत त्या दुरुस्तीची वेळ मी पाहिली, छोट्या. हॉस्पिटलमधून मी फोन करत होते, तू "पोचतोच आहे" म्हणत होतास, तेव्हा तू ती ओळ बदलत बसला होतास. बाबा दाराकडे बघत विचारत होते, "पोरगा आला का?" मी सांगत होते, "ट्रॅफिकमध्ये अडकलाय." तू यायच्या आत ते गेले.

नर्सच्या निष्काळजीपणामुळे बाबा गेले, असं लिहून तू सहीसाठी पाठवलेला कागद काल मिळाला. सही केली नाही. आज नर्सच्या घरी जाऊन जुनी ओळ, नवी ओळ आणि वेळ, सगळं तिच्या हातात दिलं. उद्या आम्ही दोघी तुझ्या साहेबांकडे जातोय. फोन करून रडू नकोस, मी उचलणार नाही. बायकोला मात्र आजच तू स्वतः सांग. मी सांगितलं, तर बाबा शेवटी काय विचारत होते तेही सांगेन.

तुझीच, नाइलाजानं,
ताई