आईचं लिव्हर लागलं

३ जुलै
संकल्प: परीक्षेपर्यंत रोज एक तपासणी. नर्सिंगच्या आमच्या वर्गातल्या पोरी पुतळ्यावर शिकतात. रबरी पोटात काय कप्पाळ सापडणार! मला जिवंत माणूस हवं. आई तयार झाली. घरात दुसरं आहेच कोण.

४ जुलै
बीपी. दर वेळी वेगळंच येतं. मशीन बोगस. आई म्हणाली, त्यातलं बरं दिसेल ते लिही.

९ जुलै
आज पोट. क्रम असा: पाहणे, ऐकणे, ठोकणे, दाबणे. मी आधी दाबलं. क्रम कच्च्या लोकांसाठी असतो. आई हल्ली चांगलीच बारीक झालीय, त्यामुळे तपासायला सोपी. दोन घासांत पोट भरतं म्हणते. वजन कमी कर म्हणून मी कधीचा कानीकपाळी ओरडत होतो. ऐकलं एकदाचं.

१२ जुलै
लागलं! उजव्या बरगडीखाली बोटं ठेवली, आईला खोल श्वास घ्यायला सांगितला, आणि लिव्हरची कड बोटांना येऊन टेकली. टणक, जराशी खडबडीत. वर्गात अजून एकालाही लागलेलं नाही. आमच्या मॅडम म्हणतात, धडधाकट माणसाचं सहसा लागतच नाही. हात लागतो, मॅडम, हात! आईने लगेच शेजारच्या काकूंना बातमी दिली.

१५ जुलै
डोळे तपासले. पांढरा भाग पिवळसर. ट्यूबलाइट बदलायला हवी.

१८ जुलै
आईला कॉलेजात नेलं. ठेवणीतले कपडे घालून आली बिचारी. मी सगळ्यांसमोर कड दाखवली. मग मॅडमनी हात ठेवला. पुन्हा ठेवला. ताई, जेवण जातं का, एवढंच विचारलं आणि पोरींना बाहेर पाठवलं. मला शाबासकी नाही. मॅडमच्या पोटात दुखलं असणार. आजच्या आज सोनोग्राफी करा म्हणाल्या. वर स्वतः सोबत आल्या.

२६ जुलै
रिपोर्ट. सोनोग्राफीनंतर लिव्हरचा तुकडा काढून पाठवला होता, त्याचा. लॅबवाले नमुन्यांची अदलाबदल करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरीकडून करून घेऊ. मॅडमना विचारलं, आत्ता कळलं म्हणजे वेळेवरच कळलं ना? त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

९ ऑगस्ट
दुसरा रिपोर्ट. तोच.

२ सप्टेंबर
प्रॅक्टिकल. नेमकं पोटच आलं. क्रम चुकलो नाही. अनोळखी माणसाच्या बरगडीखाली बोटं ठेवली. मऊ. काहीच लागलं नाही. परीक्षक म्हणाले, बरोबर, नॉर्मल आहे. मला तिथेच रडू कोसळलं. पैकीच्या पैकी मिळाले.

१० सप्टेंबर
वॉर्ड. संध्याकाळ. आई शेजारच्या खाटेवरच्या आजींना सांगत होती की, डॉक्टरांच्याही आधी माझ्या लेकाला कळलं, नुसत्या हाताने. आजी म्हणाल्या, भाग्यवान आहात. मी मान डोलावली. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.
मग आईने पांघरूण सारलं, माझा हात ओढून पोटावर ठेवला. म्हणाली, दाखव रे त्यांना. मी न सांगताच तिने जमेल तेवढा खोल श्वास घेतला.
कड आता बेंबीपाशी आलीय.
लागलं ना, तिने विचारलं.
लागलं, म्हटलं.