हिरव्या दोऱ्याची गाठ

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. कोल्हापूर स्टँडवरनं चंदगडची एसटी, पुढं अमरसिंहसाहेबांची जीप. मांडीवर शिलाई मशीनचं डोकं, पायात दोऱ्यांची पिशवी. कंडक्टर म्हणतो, बाई, मशीनचं हाफ तिकीट काढा. मी म्हटलं, आधी तुझी फाटकी सीट शिवून देते, मग बघू. तिकीट न फाडताच पुढं गेला.

जागा झकास. धरणाचं पाणी घराच्या पायरीपर्यंत. साहेब जन्मभर जहाजावर नोकरीला होते, आता एकटेच इथं राहतात. पाण्यात त्यांची शिडाची होडी आहे, गोव्याहून ट्रेलरवर घालून आणलेली. तिचं शीड म्हातारं झालंय. ते काढायचं, धुवायचं, शिवायचं, परत बसवायचं, एवढ्यासाठी मला बोलावलंय. माझं नाव पिराजीशेठनी सुचवलं. त्यांच्या ताडपत्रीच्या कारखान्यात मी बावीस वर्षं मशीन मारलं. धोंडुबाईची शिवण म्हणजे लोखंड, असं म्हणाले म्हणे. बरं वाटलं.

ही वही साहेबांनी दिली. जहाजावर रोज लिहायची पद्धत असते, वारा कसा होता, काय उसवलं, काय शिवलं. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई. ते म्हणाले, मी काय मास्तर नाही शुद्धलेखन तपासायला. फक्त खरं लिहायचं, एवढीच अट. तर लिहिते.

४ नोव्हेंबर, मंगळवार. वारा नाही.

आज शीड उतरवलं. असलं शीड जन्मात बघितलं नव्हतं. डोलकाठी आतून पोकळ. दुकानाचं शटर वर गुंडाळतं ना, तसं हे शीड उभं गुंडाळतं, काठीच्या पोटात, एका लांब सळईभोवती. काठीला खालपासून वरपर्यंत एक फट आहे. त्या फटीतनं ते बाहेर येतं आणि त्याच फटीतनं आत जातं. हँडल फिरवलं की झालं.

होडीचा गडी गुंडूअण्णा. पन्नाशी उलटलेला, गालात कायम पान, मला आक्का म्हणतो. त्यानं शिकवलं. वारा पडलेला असतानाच शीड पुरतं बाहेर ओढायचं. मागच्या कोपऱ्याची दोरी सोडायची. मग वरची दोरी हळूहळू ढिली करायची आणि एकानं सळईच्या खाचेतनं शिडाचा काठ सोडवत खाली घ्यायचा. दोनदा अडकलं. मला कुठला धीर, मी मारला हिसका. अण्णा ओरडला, आक्का, हिसका नको, आत चुणी पडली की गिळून बसतंय ते, मग बापाला सोडत न्हाय! म्हणून आत घेतानाही मागनं थोडा ताण ठेवायचा. सुरकुती पडू द्यायची नाही.

मी म्हटलं, अण्णा, तुमच्या बायकोला असंच जपता का? तो म्हणाला, तिला जपायला लागत न्हाय, ती मलाच गिळून बसलीय. हसून हसून पोट दुखलं.

५ नोव्हेंबर, बुधवार. झुळूक.

शीड गोड्या पाण्यानं धुतलं. साबण साधा, ब्रश नाही, हातानंच. काजूच्या झाडांखाली सावलीत वाळत घातलं. डोलकाठीच्या खालची, सळई फिरवणारी फिरकी पाण्यानं मोकळी केली. मी तेल घालणार होते, साहेब म्हणाले तेलाला धूळ चिकटते, कोरड्या वंगणाचा फवारा मारा.

वाळल्यावर शिवणी तपासल्या. वरून तिसऱ्या शिवणीच्या टोकाला हिरव्या दोऱ्याची गाठ निघाली. तीन वेढे, डावीकडं वळवलेली.

आता हे लिहायला पाहिजे. आमच्या कारखान्यात प्रत्येक बाईचा दोरा ठरलेला. शिवण संपली की कोपऱ्यात आपल्या रंगाची गाठ मारायची. उद्या ताडपत्री उसवली तर कुणाच्या हातची ते गाठीवरनं कळावं. माझा लाल. हिरवा ताजबीचा. तीन वेढे, डावीकडं, कारण ती डावखुरी.

ताजबी माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. आता ती नाही. आणि गोव्याच्या शिडावर तिची गाठ कुठनं येणार? असेल कुणीतरी डावखुरं. गाठ कापून टाकली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. वारा मंद.

गोव्याच्या शीडवाल्यानं मागंच शिडावर पेन्सिलनं खुणा करून दिल्यात. मधलं पोट सुटलंय म्हणून ते आत चुणी धरतं. तीन शिवणी उसवून बोटभर आत घेतल्या. दुहेरी शिवण मारली, लाल गाठी मारल्या.

दुपारी मेहकचा फोन. ताजबीची पोरगी. मशीन चांगलं चालवते. पिराजीशेठकडं कामाला गेली होती तर म्हणाले, तुझ्या आईच्या हातची ताडपत्री उसवली आणि माणूस मेला, तुला कसं घेऊ? पोरगी मला म्हणते, मावशी, तुम्ही आईच्या शेजारी बसत होता, तुमचा शब्द शेठ मोडत न्हाईत, तुम्हीच सांगा की आईची शिवण कशी हुती ती. रडली नाही. आईसारखीच.

बघते म्हणाले. फोन ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी वारा नाही.

शीड काल बसवलं होतं. सुरेख आत गेलं. आज बघायला म्हणून परत बाहेर ओढलं. मी आत घेतलेल्या तिन्ही शिवणींवर हिरव्या गाठी. लाल एकही नाही.

आणि माझ्या दुहेरी शिवणीच्या शेजारी तिसरी ओळ. बारीक, सरळ. एवढी सरळ मला कधी जमली नाही.

साहेब भिंग घेऊन आले. असली शिवण मी कुठल्याच बंदरात बघितली नाही म्हणाले. ही हिरवी खूण कुणाची? अण्णा बघत होता. साहेब बघत होते.

मी म्हटलं, माझी.

साहेबांनी फोटो काढून पिराजीशेठना पाठवला.

१० नोव्हेंबर, सोमवार

पिराजीशेठचा फोन आला. धोंडुबाई, ही तर ताजबीची गाठ, तू कशी काय मारलीस? मी म्हटलं, तिची आठवण म्हणून मारते. शेठ गहिवरले. म्हणाले, बाई, मन मोठं हाय तुझं.

मग म्हणाले, तिची पोरगी काम मागत्या. तू शेजारी होतीस. खरं सांग, चूक ताजबीचीच हुती न्हवं? तू न्हाय म्हणालीस तर उद्यापासनं पोरीला मशीनवर बसवतो.

एवढंच विचारलं. मला फक्त न्हाय म्हणायचं होतं.

मी म्हणाले, डोळ्यांनी न्हाय बघितलं, पण गाठ तिचीच होती.

ताट तसंच झाकून ठेवलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खरं लिहायची अट आहे. लिहिते. साहेब वाचतील तर वाचू देत.

दिवाळीच्या तोंडावर ट्रकच्या ताडपत्रीची ऑर्डर होती. मला घरी जायची घाई. दुहेरीच्या जागी मी एकेरी शिवण मारली. कोण बघतंय म्हटलं. लाल गाठ मारली आणि गेले. घाटात वाऱ्यानं ताडपत्री फाटली, मागनं येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जाऊन बसली. माणूस गेला. फाटका तुकडा कारखान्यात आणला, शेठ जेवायला गेले होते, तुकडा आधी माझ्याच हातात आला. मी लाल गाठ कात्रीनं कापली आणि हिरवी मारली. तीन वेढे. डाव्या हातानं. ताजबी नमाजाला गेली होती, तिच्या मशीनवरचं रीळ घेतलं.

ती परत आली. गाठ बघितली. मग माझ्याकडं बघितलं. शेठना म्हणाली, शिवण माझी न्हाय. एकदाच म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. डावीकडं वळवायची गाठ मला तिनंच शिकवली होती, म्हणजे तिला कळलंच असणार.

पुढच्या पावसाळ्यात, महापुरात, ती शिरोळला माहेरी होती. पाणी ओसरल्यावर सापडली. ताडपत्रीत गुंडाळली गेलेली. घट्ट. लोकांना उलगडायला लागली. बघणारे म्हणाले, एक सुरकुती नव्हती.

मातीला मी गेले होते. सगळ्यांत मोठ्यानं मीच रडले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मेहकला फोन लावला. उचलला. मावशी म्हणाली. मी ठेवला.

शीड बाहेर ओढलं तर संपेना. नऊ हात होतं, मी मापलंय. अकरा झालं. अण्णा म्हणाला, आक्का, आत अजून हाय. शेवटचे दोन हात शिडाच्या कापडाचे नाहीत. निळे. ताडपत्री. चिखल वाळलेला.

साहेबांना दाखवायला बोलावलं तर नऊच. अण्णानं पान थुंकलं आणि पाय धुऊन घरला गेला. उद्या येतो म्हणाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. वारा नाही.

अण्णा आला नाही.

डोलकाठीला कान लावला. मशीन चालतंय आत. चार टाके, थांबतं. चार टाके, थांबतं. ताजबी असंच चालवायची. चार टाके मारून बोट फिरवून बघायची.

माझं मशीन शेडमध्ये झाकून ठेवलंय.

साहेबांना म्हटलं मला घरी सोडा. ते म्हणाले, उद्या गडहिंग्लजहून दोऱ्या आणतो, शीड एकदा आत घ्या, मग खुशाल जा. सगळी होडी तुमच्यावर सोपवून जातो, तुमच्यावर भरवसा आहे.

भरवसा म्हणाले. तोंड कुठं लपवू.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपार. वारा नाही, पान हलत नाही.

साहेब गेलेत. होडीवर एकटी आहे. अण्णा आज आला, पण मला होडीपर्यंत सोडून काठावर गेला, वर चढला नाही. शीड आत घ्यायचं आणि हाक मारायची, एवढं ठरलंय.

हँडलला हात लावला नाही अजून. शीड आपणहून आत चाललंय. ताण बरोबर आहे. एक सुरकुती नाही.

मी डोलकाठीला पाठ लावून बसले होते. पदर ओढल्यासारखा वाटला. फटीत गेलाय. वीतभर. ओढला, येत नाही. नीट बघितलं — पदराच्या काठाला हिरवी गाठ. तीन वेढे. मी सकाळी हेच लुगडं नेसले, तेव्हा —

अण्णाला हाक मारली. काठावर कुणी न्हाय.

कात्री हातात हाय. तीच जुनी. पदर कापला की सुटले. एक कात्री मारायची, बास —

तेव्हापन एकच मारली होती.

मी कापत न्हाय.

हळू चाललंय. घाई न्हाय तिला. घाई माझीच असायची. लिहायला वेळ देत्या, असं वाटतंय. आत मशीन चाललंय. चार टाके. थांबतं. मी लिहिते. थांबतं —

मेहक, हे पान पिराजीशेठना दाखव. ती शिवण माझी. एकेरी. लाल गाठ मी कापली, हिरवी मी मारली. तुझ्या आईचा हात त्या ताडपत्रीला लागलाच न्हवता. सोमवारी शेठनी विचारलं तेव्हापन मी खोटं बोलले. आठवण म्हणून गाठ मारते तेपन खोटं. तुला मशीनवर बसवू देत. तुझी आई एकदाच बोलली आनि खरं बोलली. मी —

खांद्यापर्यंत आलंय. मान वळत न्हाय.

खाली माझी खूण पायजे, न्हायतर कुनी मानायचं न्हाय. पिशवीत हात घातला. लाल रीळ न्हाय. सगळी हिरवी — सगळी —

मग नावच लिहिते. ताजबी, एवढं लिहू दे, मग —

शिवण माझी.

धोंडुबा