भुसा, तणीस, रेती

३ डिसेंबर
लते, कोंबड्यांखाली काय टाकायचं ते काल तू फोनवर पुन्हा विचारलं. मागच्या महिन्यात सांगितलं होतं, तेव्हा हो हो म्हणत होती. दिवाळीले आली तर आपल्या चपला इथं विसरली अन् माझ्या घालून सासरी, कोंढा गावाले गेली. कोंढ्यालेच उतरली, हेच नशीब. म्हणून हे लिहून ठेवून राहिली. म्हणजे मी बोलून राहिली, अक्षर मले येत नाही. लिहिते आपली सून, सुषमा. तिले स्वतःचं नाव पूर्ण लिहायचाही कंटाळा, नुसतं सु. लिहिते. चुका सगळ्या तिच्या.

तर आपल्याकडं धानाचा भुसा. तुझ्या बाबानं जन्म राईस मिलमध्ये काढला, भुसा पोत्यानं यायचा. कोरडा, हलका, पिल्लांना गरम. पण आता बुढा मागच्या दाराशी खाटेवर, अन् भिंतीपलीकडं खुराडा. कोंबडी उकरते, धूळ उडते, याचा खोकला सुरू. ओठ निळे होतात. लाखनीचा डॉ. म्हणला, छातीत भुशाचीच धूळ बसली आहे. बसली ती निघत नाही, नवीन तरी जाऊ देऊ नका. खाट पुढं न्यावी तर हायवेची धूळ. खुराडा हलवावा तर जागा नाही. डॉ. म्हणला, कोंबड्या विका.
बुढा म्हणते, "आधी मले विक."
म्हणलं, गिऱ्हाईक पाहून ठेवते.

६ डिसेंबर
सकाळी विहारात जायच्या आधी भुसा झाडून काढला, तणीस पसरली. यंदाच्या धानाच्या काडीची, पिवळीधमक. वंदना होईपर्यंत मन खाटेपाशीच. परत आली तर बुढा जागा.
"काय टाकलं?"
"सोनं टाकलं."
"तणीस ओल धरते. काळी खुडूक बसली हाय, अंड्यावरून उठणार नाही. पिल्लं निघतील अन् मरतील."
त्याले कोणी विचारलं नव्हतं. पण आज दिवसभर खोकला नाही. खोकला नाही म्हणून एवढं बोलला.

९ डिसेंबर
ढगाळ. झिमझिम. तणीस खालून ओली, पांढरी बुरशी. कोंबड्या शिंकून राहिल्या. लाल कोंबडी सकाळी पाय ताणून पडलेली. सु.नं घरामागच्या सांदवाडीच्या कोपऱ्यात गाडली. बुढ्याले दिसलं सगळं. सांगितलं होतं म्हणला असता तर भांडता तरी आलं असतं.
खोकला परत. बुरशीनंही येते म्हणे.

१० डिसेंबर
सु. म्हणते, आरामशीनवरून लाकडाचा बुरादा आणू. आणला. हातावर घेऊन फुंकून पाहिला, माझ्याच डोळ्यात गेला. तो भुशाचा सख्खा भाऊ. परत पाठवला.
जुन्या लुगड्याच्या चिंध्या? नको. धागे पिल्लाच्या पायाले गुंडाळतात, पाय वाळून जाते. पळसाची पानं दोन दिवसांत चुरा.
हे सगळं तू विसरशील. सु., ठळक लिही.

१२ डिसेंबर
मले वाटलं, मी लय हुशार. भुसाच टाकला अन् वरून पाणी शिंपडलं. खळ्यावर धूळ बसवायले शिंपडतो ना, तसं. बसली धूळ. बुढा दुपारभर झोपला, तोंड उघडं टाकून. मी उगीच जाऊन जाऊन पाहिलं. छाती हलते का, ते.
संध्याकाळी चहा मागून पिला. म्हणला साखर कमी. म्हणलं, वळणावर आला बुढा.

१५ डिसेंबर
भुसा आतून आंबला. घाण अन् ओल, खालून वाफ निघून राहिली, वास डोळ्याले झोंबते. बुढ्याले श्वास घेता येईना. ऑटोनं दवाखान्यात. नाकाले नळी.
डॉ. सु.ले बाजूले घेऊन बोलला. मी बाकावर. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण सु.चं तोंड दिसलं.
विचारलं. म्हणते, "आराम पाहिजे म्हणले, आत्याबाई."
आता हे लिहिताना तिचा हात थांबला. लिही म्हणलं, जे झालं ते झालं. पाणी मी शिंपडलं, तू नाही.

१८ डिसेंबर
घरी आणला. खुराड्यात रेती. शेजारी घर बांधून राहिले, सु.नं त्यांच्याकडून घमेलं घमेलं मागून आणली. धूळ नाही, ओल नाही, वास नाही. फक्त थंड.
बुढ्याले सांगितलं, भुसाच आहे, धुऊन वाळवलेला. तो डोळे मिटून ऐकत राहिला. कोंबड्या उकरून राहिल्या होत्या.
"अवं बुढी, भुसा सरसर वाजते. हे करकर वाजून राहिलं. रेती हाय."
मिलमध्ये जन्मभर भुसाच कानाशी पडला. त्याले काय फसवणार.
मग म्हणते, भुशाच्या आवाजाबिगर झोप येत नाही.

२१ डिसेंबर
पिल्लं निघाली. काळी पंखाखाली घेऊन बसते, पण पिल्लू बाहेर आलं का रेतीवर एक पाय उचलून उभं. मग दुसरा पाय. सकाळी एक आखडलेलं सापडलं. चुलीपाशी धरून बसली, नाही हललं. बुढ्यानं विचारलं. सांगितलं.
"भुसा टाक."
"अन् तुम्ही?"
"मी तोंडाले दुपट्टा बांधतो. मिलमध्ये बांधत होतो तसा."
मिलमध्ये यानं कधीच तोंडाले बांधला नाही. डोक्याले बांधायचा, फेट्यासारखा, मिरवायले. मीच धुवत होती तो दुपट्टा, मले माहीत नाही का. कोणासाठी खोटं बोलून राहिला? पिल्लांसाठी का माझ्यासाठी?

२३ डिसेंबर
थंडी वाढली. आज आणखी एक पिल्लू. भुशाचं पोतं दाराशी आणून ठेवलं. सकाळी सुतळी सोडली. परत बांधली. दुपारी परत सोडली. सु. म्हणते, "काय करायचं आत्याबाई?" म्हणलं तू सांग. ती भांडे घासायले गेली.
बुढा उशाशी दुपट्टा घडी करून घेऊन पडला आहे. तयार.
तर लते, काय टाकायचं ते तुले काय सांगू. तुझ्याकडं खाटेवर कोणी नाही. तू भुसा टाक.
आज जेवला नाही. भात नको, वरण नको. मग म्हणते, लतीच्या हातचे सरगुंडे असते तर. उन्हाळ्यात कणकेचे काडीवर वळून वाळवलेले तुझ्या डब्यात असतील. आठवत नसेल तर वरच्या फळीवर पहा. बारीक निवडून आण, दुधात मऊ होतील असे. एसटीवाल्याच्या हाती देऊ नको, स्वतः ये. अन् मूठभरच आण. उरतील एवढे नको.