फूटपट्टीची पाचर

बाबा, काल कारखान्यात पत्रा दाबायच्या एका प्रेसच्या डाव्या बटणात ठोकलेली लाकडी पाचर मी ओढून काढली. इथे सगळे तिला गुटका म्हणतात. पाचर हा शब्द ज्याच्याशी बोलावा असं गाझियाबादमध्ये माझं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. ऑपरेटर तुमच्याच वयाचा, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हाच्या. शांतपणे म्हणाला, "मॅडम, तीस साल से ऐसे ही चला रहा हूँ. हाथ को सब पता है." मी सेफ्टी ऑफिसर, चार शब्द सुनावायला हवे होते. पण मला आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं.

मी चौथीत आहे. तुम्ही ओट्यापाशी भाजीच्या सुरीनं लाकूड तासताय आणि मला समजावताय, "दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. हात आत राहू नये म्हणून. पण त्यात फार वेळ जातो गं. एक बटण पाचरीनं दाबून ठेवलं की एक हात पत्रा सरकवायला मोकळा." लाकूड ठिसूळ निघतं, मोडतं. मी दप्तरातून माझी लाकडी फूटपट्टी आणून देते. तुम्ही टपली मारून म्हणता, "हुशार आहे माझी पोर." त्या महिन्यात तुमचा माल सगळ्यांत जास्त निघाला. सुपरवायझर रोज ती पाचर बघायचे आणि तुम्हाला चहा पाजायचे. मग एका दुपारी तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीत तुम्ही एवढंच म्हणालात, "चूक माझी." पाचर त्याआधीच कुणीतरी काढून तुमच्या डब्याच्या पिशवीत टाकली होती. पिशवी मी रिकामी केली. पाचरीवर चार ते नऊ आकडे होते आणि बॉलपेननं लिहिलेलं माझं अर्धं नाव. मी ती लपवली. दवाखान्यातून आल्यावर तुम्ही मला नवी पट्टी आणलीत, प्लॅस्टिकची.

मला ही नोकरी लागली त्या वर्षी तुम्ही भांडी विसळत होतात आणि मी नव्या शिक्षणाच्या तोऱ्यात म्हणाले, "बाबा, तुम्ही बेफिकीर होतात. चूक तुमचीच होती." तुम्ही नळ बंद केलात, "हो" म्हणालात आणि हात पुसलेत. आता ट्रेनिंगमध्ये मी तुमची गोष्ट सांगते, 'एक ऑपरेटर होता' अशी. फूटपट्टी गाळते. लोक जांभया देतात, सह्या करतात, परत मशीनवर जातात.

कालच्या रिपोर्टमध्ये मी ऑपरेटरच्या आधी सुपरवायझरचं नाव लिहिलं. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. घरी आले तर सांगायला कुणी नव्हतं. हा कागद आता घडी घालून कपाटात त्या पाचरीजवळ ठेवीन.

खरं सांगू? त्या दिवशी मी तुम्हाला तसं बोलले, कारण तुम्ही उलटून म्हणायला हवं होतं, "पट्टी तूच दिली होतीस." मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, बाबा. अजूनही ऐकायचं आहे.