नळीत कोण थुंकलं

५ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. पार्सल पोचलं. तुझं पत्र तीन पानी, आणि त्यात माझ्या तब्येतीची चौकशी पानोपानी, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. लहानपणीसुद्धा काही फोडलंस की तू आधी माझ्या चष्म्याचं कौतुक करायचीस.

तुमच्या प्रयोगशाळेत थुंकी सहज लागते म्हणून नळीत रेघेपर्यंत थुंकून पाठवा, असं लिहितेस. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत थुंकणाऱ्यांचा तुटवडा पडला का? माझं आतड्याचं ऑपरेशन नेमकं कितव्या वर्षी झालं, हे तुला आत्ताच का हवंय? आणि ताईला, तुझ्या आत्याला, नळी का नाही? ती पलीकडच्या खोलीत शब्दकोडी सोडवत बसलेली असते, अगदी मोकळी आहे. तुझ्या आईने माझ्याविषयी काही जुनंपानं सांगितलं का? खरं काय ते लिही. तोवर नळी कपाटात, शाळेतल्या कवितांच्या पुस्तकांमागे ठेवली आहे.

तुझ्यावर लोभ आहे, तूर्त संशयही आहे.
तुझा काका

१४ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.
पकडलंत. फोनवर तुम्ही नुसतं हो हो करता, म्हणून सगळं लिहूनच काढते. आईने काहीही सांगितलेलं नाही. उलट काकांना उगाच घाबरवू नकोस म्हणून मलाच दम भरला.

आजोबा आतड्याच्या कॅन्सरने गेले, बाबाही, आणि दोघंही पन्नाशीच्या आत. तुमचा चाळिशीतच वेळेवर कापून काढला म्हणून तुम्ही आहात. एका घरात तिघं, तेही इतक्या लवकर. हे रक्तातून येतंय अशी मला शंका आहे.

तुम्हीच शिकवायचात ना, कवितेतली एक ओळ विसरली तर जोडीच्या ओळीचं यमक धरून ती आठवायची? पेशीतही तसंच चालतं. डीएनएत दोन ओळी समोरासमोर असतात. एका पेशीच्या दोन होताना सगळा मजकूर नव्याने उतरवावा लागतो, त्यात चुका राहतात. उन्हाने, धुराने, कधी काहीही कारण नसताना अक्षरं बिघडतात. मग दुरुस्तीवाले येतात, चुकलेला तुकडा कापतात आणि समोरच्या ओळीवरून बरोबर भरतात. आपल्या घरात बहुधा या दुरुस्तीवाल्यांपैकी एक जण कसा घडवायचा, तो मजकूरच बिघडलेला आहे. मग बाकीच्या चुका दुरुस्त न होता साचत जातात.

बिघाड नेमका कुठे आहे, हे आधी आजारी पडलेल्या माणसात शोधावं लागतं. बाबा नाहीत. उरलात तुम्ही. आत्या ठणठणीत आहे, म्हणून तिला नळी नाही. तुमच्यात जागा सापडली, की ती माझ्यातही आहे का ते बघता येईल. मला तेवढ्यासाठी हवंय, काका.

माया आहे तशीच राहू द्यावी.
तुमची चिमणी

२२ जून

चि. चिमणीस,
अ. आ. नळी भरून पाठवली आहे. यमकाचं फार छान लिहिलंस. वाचताना आमच्या वर्गातला तो खिडकीजवळचा बाक आठवला, आणि बाहेरच्या झाडाची फळ्यावर हलणारी सावली.

एक सहज विचारतो. या तपासणीत कोण कोणाचा कोण, हेही कळतं का? पेपरात काहीबाही येतं, म्हणून म्हटलं. इकडे सगळं ठीक. ताईच्या घशाला तेवढी कोरड पडली आहे.

आहेस तशी राहा, फार खोलात शिरू नकोस.
तुझा काका

२० जुलै

ती. काकांस,
सा. न. रिपोर्ट आला. बिघाड कुठेच नाही. मी इतकी हरखले, की माझी ठरलेली आतड्याची दुर्बिणीची तपासणी रद्द करायला फोन उचलला होता. तेवढ्यात खालची ओळ वाचली. नमुना बाईचा आहे.

काका, तुम्ही बाई कधी झालात? माझ्या नमुन्याशी ताडून पाहिलं तर नातं आपलंच निघालं. म्हणून आत्याला फोन लावला. ती म्हणाली, की तुम्ही तिला पेलाभर पाणी पाजून थुंकायला बसवलंत, वर कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलंत. आजाराला घाबरणारा माणूस नळी परत पाठवतो, दुसऱ्याची भरून पाठवत नाही. आता संशय घ्यायची पाळी माझी. काय लपवताय? दुसरी नळी सोबत आहे.

रागावले आहे, पण लोभ तोडलेला नाही.
चिमणी

२८ जुलै

चि. चिमणीस,
अ. आ. ताईचं आणि तुझ्या बाबाचं नाक एकाच साच्यातलं, हुबेहूब वडिलांचं. माझं नाक वेगळं, डोळे घारे. मी जन्मलो तेव्हा दवाखान्यात दोन पाळणे शेजारी शेजारी होते, आणि दाईने घाईत भलतंच पोर आईच्या हाती दिलं, असं ताई मला चिडवायची. सगळे हसायचे. मीही हसायचो. पण शाळेत आईवरची कविता सगळे मिळून म्हणायचो, तेव्हा माझा आवाज आपोआप खाली यायचा.

नळीतून तेच बाहेर आलं, तर या वयात मी कोणाच्या घरचा म्हणून बसू? ताईच्या सख्खेपणाला कोणी बोट लावणार नाही, म्हणून तिची पाठवली. त्यापायी तू तुझी तपासणी सोडणार होतीस, हे वाचलं आणि चहाचा कप हातातून खाली ठेवला, तो उचललाच नाही.

ही नळी माझी आहे. ताईला साक्षीला समोर बसवलं. तिचे टोमणे संपायच्या आत रेघ गाठली. जे निघेल ते निघो. तू मला काकाच म्हणत राहशील ना, एवढं रिपोर्ट यायच्या आधी कळव.

लोभ मागायला आज संकोच वाटतो.
काका

३० ऑगस्ट

ती. काकांस,
सा. न. लिफाफा समोर आहे, अजून फोडलेला नाही. आधी ही ओळ लिहिते: काकाच म्हणणार.

आता फोडला. बिघाड तुमच्यात सापडला. बाकीचं आत्याच्या आणि माझ्या नमुन्याशी जुळवून पाहिलं, तर तुम्ही बाबांचे सख्खे भाऊच, दाईला उगाच बोल लावला. आजोबांकडे एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असणार, मुलांना त्यातली एकच मिळते, बिघडलेली कोणाच्या वाट्याला येते, कोणाच्या नाही. आत्या सुटली.

मी नाही सुटले. तीच जागा, तीच चूक. दुर्बिणीच्या तपासणीत आतड्यात मांसाचा एक छोटा कोंब सापडला, तो तिथल्या तिथे काढला. अजून निरुपद्रवी होता. रद्द केली असती तर वाढत राहिला असता. आता दरवर्षी जायचं. तुमचीही तपासणी कित्येक वर्षं राहिली आहे, ऑपरेशननंतर तुम्ही फिरकलाच नाहीत, हे मला कळलंय.

लोभ मागायचा नसतो, तो असतो.
चिमणी

७ सप्टेंबर

चि. चिमणीस,
उदंड आशीर्वाद. पहिल्या ओळींवर मी हसलो, ताईला हाक मारून मोठ्याने वाचून दाखवलं. मग खालचं वाचलं आणि हसल्याची लाज वाटली. वडिलांकडून नाक नाही मिळालं, डोळे नाही मिळाले, मिळाली ती एक मोडकी वस्तू. ती तुझ्यात नसती, तर मी परका ठरलो असतो तरी चाललं असतं. हे खरं लिहितोय, यावर तरी संशय घेऊ नकोस. ताई म्हणते, की ती मोडकी वस्तू तिच्याकडे नाही, मग दाईने बदललं ते तिलाच असणार. आता तिला झोप लागत नाही.

तुझ्या पुढच्या तपासणीपर्यंत थांबत नाही, माझी याच महिन्यात ठरव. तू मात्र सोबत ये. बाहेरच्या बाकावर शेजारी बसू. मी एक ओळ म्हणेन, जोडीची तू म्हण.

तुझा सख्खा
काका